आधी मुलाच्या हातात ब्युरेट द्या

बारावीचे निकाल लागले की पालकांचे प्रश्न सुरू होतात, आणि दरवर्षी ते शब्दशः तेच असतात. सीईटीला अमुक पर्सेंटाइल आहेत, कॉम्प्युटर मिळेल का? नाही मिळालं तर एआय-डेटा सायन्स घ्यावं, की मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरच? नीट पुन्हा द्यायला लावावी का? आणि हे सगळं विचारून झाल्यावर, आवाज खाली आणून : ‘मुलगी म्हणते तिला रिसर्च करायचंय. तुम्ही जरा समजावा ना तिला.’

मुलीला समजावण्याची गरज नसते. सतराव्या-अठराव्या वर्षी एखादं मूल ‘मला हे शोधून काढायचंय’ असं स्वतःहून म्हणत असेल, तर घरात सगळ्यात जास्त विचार त्यानेच केलेला असतो. घाबरलेले असतात आईवडील. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगबद्दल एकदाच बोलतो आणि तो विषय बाजूला ठेवतो. प्रोग्राम चालत नाही म्हणून ज्या मुलाला रात्री झोप येत नाही, त्याने तिकडे जरूर जावं. पण विचारायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपणहून एकही प्रोग्राम लिहिलेला नसतो. शेजारचा मुलगा हिंजवडीला लागला, एवढ्यावर निर्णय झालेला असतो. आज ज्या नोकरीकडे बघून लाखो रुपये भरायचे, ती चार वर्षांनी तशीच असेल याची हमी कॉलेज देत नाही, क्लास देत नाही आणि मीही देणार नाही. आवड नसताना केवळ गर्दी आहे म्हणून घेतलेली ब्रँच सुरक्षित असते, हा समज सोडून द्या.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. ‘इंटिग्रेटेड’ नावाची जी व्यवस्था महाराष्ट्रभर पसरली आहे, तिने अकरावी-बारावीची प्रयोगशाळाच बंद पाडली. प्रवेश ज्युनिअर कॉलेजात, अभ्यास क्लासमध्ये, हजेरी कागदावर. दोन वर्षांत ब्युरेटला हात न लावलेली, टायट्रेशनमध्ये फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग एकदाही न पाहिलेली मुलं रसायनशास्त्रात नव्वदच्या वर गुण घेऊन बाहेर पडतात. जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवलेलं, रीडिंग आधीच ठरलेलं. पालकांना हे ठाऊक असतं. ‘प्रॅक्टिकलचे मार्क मिळतातच हो,’ असं तेच मला सांगतात. मार्क मिळतात, पण या मुलाला प्रयोग आवडतो की नाही हे कोणालाच कळत नाही, त्याला स्वतःलाही नाही. फसलेला प्रयोग पुन्हा मांडावासा वाटणं हे संशोधकाचं पहिलं लक्षण. ते दिसायची संधीच आपण काढून घेतली. शिवाय खोटं रीडिंग लिहायची सवय या वयात लागली, तर पुढे ती कोणत्याही विज्ञानात घात करते.

‘रिसर्च’ म्हटलं की पालकांच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक येतो. प्रत्यक्षात एका क्षेत्रातल्या संशोधकाचा दिवस दुसऱ्या क्षेत्रातल्यासारखा मुळीच नसतो. आपलं मूल कोणत्या प्रकारच्या दिवसात रमेल, कोणत्या प्रकारची वाट बघू शकेल, हे बघायला हवं.

पदार्थांचं रसायनशास्त्र, म्हणजे मटेरियल्स केमिस्ट्री, घ्या. बॅटरीचे इलेक्ट्रोड, उत्प्रेरक, पाणी गाळणारे पडदे, सौरघट हा सगळा त्याचा संसार. इथे उत्तर तुलनेने लवकर मिळतं. नमुना बनवायचा, भट्टीत ठेवायचा, एक्स-रे डिफ्रॅक्शनला द्यायचा. हवा तो पदार्थ झाला की नाही हे काही दिवसांत कळतं. बहुतेक वेळा झालेला नसतो. हाताने काम करायला आवडणाऱ्या आणि रोजच्या अपयशाने खचून न जाणाऱ्या मुलांचं हे क्षेत्र आहे. आपल्याकडे त्याची सोय चांगली आहे. १९५० पासून पुण्यात असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पाषाणचं सी-मेट, १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली आणि जुन्या मंडळींना यूडीसीटी म्हणून ठाऊक असलेली आयसीटी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर वर्षानुवर्षं काम चालू आहे, हे सांगली-साताऱ्याच्या पालकांनाही माहीत नसतं.

रसायनशास्त्राचं २०२५ चं नोबेल याच क्षेत्राला मिळालं. त्याची सुरुवात कशी झाली ते मुलांना मुद्दाम सांगा. १९७४ साली मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉब्सन यांना विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी अणूरेणूंची मॉडेल्स बनवायची होती. लाकडी गोळ्यांना वर्कशॉपमधून भोकं पाडून घ्यायची, तर कोणत्या गोळ्याला कुठे भोक हे आधी आखून द्यावं लागलं. मॉडेल जोडून बघताना त्यांच्या लक्षात आलं, की रचनेचा आकार त्या भोकांच्या जागांनीच ठरतोय. मग खरे अणू आणि रेणू आपापल्या बंधांच्या दिशांनी असेच जोडले तर? हा प्रश्न त्यांनी दहाहून जास्त वर्षं मनात ठेवला आणि १९८९ मध्ये पहिलं काम प्रसिद्ध केलं. पुढे सुसुमु किटागावा आणि ओमर याघी यांनी त्या सच्छिद्र रचना मजबूत आणि उपयोगी केल्या. आज त्या कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी, वायू साठवण्यासाठी, वाळवंटातल्या हवेतून पाणी काढण्यासाठी वापरून पाहिल्या जात आहेत. वर्गात शिकवण्याच्या तयारीतून हे सगळं निघालं.

आरोग्यातलं संशोधन याच्या अगदी उलट स्वभावाचं. तिथे उत्तर यायला एक पिढी लागू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गर्भधारणेच्या आधीपासून स्त्रियांचं वजन, आहार, काम यांची नोंद. मग बाळाचं मोजमाप. मग ते मूल तरुण होईपर्यंत त्याचा मागोवा. या बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पुष्कळ कमी. पण त्यांचे स्नायू कमी असले तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का गाठतो, या प्रश्नाचा एक धागा आईच्या पोटापर्यंत, तिच्या शरीरातल्या बी-१२ च्या कमतरतेपर्यंत जाऊन पोचला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेता येते हे ३९ गावांत दाखवलं. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात गेलं.

नीटमध्ये दोनदा-तीनदा अडकलेल्या मुलांच्या पालकांनो, वरचा परिच्छेद पुन्हा वाचा. या कामांत डॉक्टर होते, तसेच संख्याशास्त्रज्ञ होते, आहारतज्ज्ञ होते, प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासणारे होते, घरोघर जाऊन चोख नोंद ठेवणारे होते. आरोग्यावर काम करायचं असेल तर एमबीबीएस ही एकच वाट नाही. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स शिकता येतं. गणित बरं असलेल्या, माणसांत रमणाऱ्या मुलीला आणखी एक वर्ष त्याच एमसीक्यूंवर घासत बसवण्यापेक्षा ही माहिती तिच्यापुढे ठेवा.

आता जिच्याबद्दल मला कोणीच विचारत नाही, त्या वाटेकडे वळतो. शिक्षणातलं संशोधन.

‘म्हणजे बी.एड. करून शिक्षकच ना?’ असं पालक लगेच म्हणतात. नाही. मूल एखादी गोष्ट कशी समजून घेतं, कुठे अडतं, का अडतं आणि काय केलं की सुटतं, हे पुराव्यानिशी शोधणं हे स्वतंत्र विज्ञान आहे. तिसरीतलं मूल म्हणतं, एक-चतुर्थांश हा एक-तृतीयांशापेक्षा मोठा, कारण चार तीनपेक्षा मोठे. शिक्षक त्यावर फुली मारतात. संशोधक विचारतो, ‘तुला असं का वाटलं?’ आणि त्या उत्तरामागे पक्का तर्क सापडतो. ऋतू का होतात, असं विचारा. हिवाळ्यात सूर्य लांब जातो म्हणून, असं मोठी माणसंही सांगतात. डिसेंबरात मेलबर्नच्या मैदानावर भर उन्हाळ्यात चाललेली कसोटी आपण टीव्हीवर बघतो, पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, तरीही. हार्वर्डच्या पदवीदान समारंभात हाच प्रश्न विचारला, तेव्हा २३ पैकी २१ जण चुकले. १९८७ च्या एका माहितीपटात ते दिसतं. भरपूर गुण मिळवूनही समज जागची हलत नाही. का? हा प्रश्न कोणत्याही रासायनिक अभिक्रियेइतकाच अवघड आहे. कार्ल वाइमन यांना २००१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्यानंतर त्यांनी आपलं बळ विज्ञान कसं शिकवावं याच्या संशोधनात लावलं.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर माधव चव्हाण. अमेरिकेत रसायनशास्त्रात पीएचडी केली, परत येऊन यूडीसीटीत शिकवलं, आणि १९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये ‘प्रथम’ ही संस्था उभी केली. ‘प्रथम’च्या बालसखी उपक्रमाची मुंबई आणि वडोदऱ्यातल्या पालिका शाळांमध्ये काटेकोर चाचणी झाली. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच मुलीने वेगळं बसवून वाचन-गणित शिकवलं तर फरक पडतो का? काही वर्गांना बालसखी दिली, काहींना नाही, आणि दोन्हींची तुलना केली. फरक पडला, सर्वाधिक फायदा सगळ्यात मागे असलेल्यांना झाला. ही चाचणी करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते; २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना अशाच पद्धतीच्या कामासाठी मिळालं. गडचिरोलीत बाळांसाठी जे केलं गेलं, त्याच जातीची ही पद्धत आहे. प्रयोग, तुलना, मोजमाप.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ मध्ये सुरू झालेलं, टीआयएफआरचा भाग असलेलं. पालकांना ते ऑलिंपियाडपुरतं माहीत असतं. तिथे विज्ञानशिक्षणात पीएचडी करता येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. विज्ञानात एम.एस्सी. केलेल्या, पण शिकवताना डोळे चमकतात अशा मुलामुलींनी तिथला रस्ता धरावा. कामाची कमतरता नाही. घरी कोरकू किंवा माडिया बोलणारं, शाळेत मराठी वाचणारं आणि आठवीत सेमी-इंग्रजीत ‘फोर्स’ नि ‘व्हेलॉसिटी’ शिकणारं मूल नेमकं काय समजतं? मेळघाटातल्या, भामरागडातल्या वर्गांचे हे प्रश्न बाहेरून येऊन कोणी सोडवणार नाही. ज्यांना ती भाषा येते तेच सोडवतील. आश्रमशाळेतून शिकून विद्यापीठात पोचलेल्या विद्यार्थ्यांकडे या कामाची जी तयारी आहे, ती शहरातल्या कोणत्याही टॉपरकडे नाही.

पैशांचं लपवून ठेवत नाही. नेट-जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनंतर ४२,०००, घरभाडं भत्ता वेगळा. ती वेळेवर हातात येत नाही ही संशोधक विद्यार्थ्यांची तक्रार खरी आहे. पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग पोस्ट-डॉक. कायमची नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते. विद्यापीठांत जागा रिकाम्या असूनही भरती रेंगाळते. घराला लगेच कमावत्या हाताची गरज असेल तर एम.एस्सी. करून तारापूर किंवा कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत, औषधकंपन्यांच्या प्रयोगशाळांत नोकरी धरणं यात काहीही कमीपणा नाही. पण घरचं बरं असताना, दोन फ्लॅट नावावर असताना, ‘तिशीपर्यंत सेटल होणार नाही’ म्हणून मुलीला अडवणारे पालक मी बघतो. मुलीचं लग्न लांबेल ही भीती त्यामागे असते आणि ती बोलली जात नाही. बोला. तिच्याशीच बोला.

आणखी एक गोष्ट थांबवा. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म वडिलांच्या लॅपटॉपवर, ओटीपी वडिलांच्या फोनवर, आणि मुलाला कोणत्या शाखेत टाकलं ते यादी लागल्यावर कळतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. अशी मुलं दुसऱ्या वर्षी के.टी. घेऊन, गप्प गप्प होऊन परत येतात. अर्ज मुलाने भरायचा. तुम्ही शेजारी बसा, शुल्क किती झेपेल ते स्पष्ट सांगा आणि कीबोर्डवरून हात काढा.

मार्ग थोडक्यात सांगतो, कारण ते सगळीकडे छापलेले असतात. आयसर या विज्ञानसंस्थांसाठी आयएटी ही प्रवेशपरीक्षा, तिला बसायला भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र यांपैकी तीन विषय पुरतात, त्यामुळे गणित सोडलेल्यांनी घाबरू नये. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस यांच्यासाठी नेस्ट. यांपैकी काही मिळालं नाही तर जिथे प्रयोगशाळा खरोखर उघडी असते अशा साध्या कॉलेजात बी.एस्सी., आणि मग एम.एस्सी.साठी जॅम. बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल तर इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला ८०,००० रुपये. कॉलेज निवडताना इमारत बघू नका. शनिवारी दुपारी रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये डोकावा, कोणी काम करतंय का बघा.

आणि निकालानंतर माझ्याकडे येऊ नका. आयएटीचे अर्ज बहुधा मार्च-एप्रिलमध्ये, बारावीचा निकाल लागण्याआधीच भरून घेतात. मे महिन्याच्या मध्यावर विचारायला आलात, तर त्या वर्षापुरती आयसरची दारं बंद झालेली असतात. अकरावीच्या दिवाळीत या, मुलाला बरोबर आणा, आणि त्याचं जर्नलही आणा. त्याने स्वतः लिहिलेलं.