रिमोटची गाडी आणि गुणोत्तराचा धडा



बोरीवलीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिमोटची गाडी पळवणारं मूल लवकरच म्हणतं, "बाबा, मोठी मोटर घ्या ना!" पवईच्या आयआयटीत टेकफेस्टमध्ये अशा गाड्यांच्या शर्यती झाल्या आहेत, म्हणजे हा नुसता खेळ नाही. पण लगेच पैसे काढू नका. आधी गिअरचे दाते मोजायला सांगा.

मोटरवरच्या लहान गिअरला, म्हणजे पिनियनला, 20 दाते आणि मोठ्या गिअरला 80 असतील, तर 80 ÷ 20 = 4. मोटर चार वेळा फिरते तेव्हा मोठा गिअर एकदा फिरतो. पिनियन 25 दात्यांचा लावला की गुणोत्तर 3.2 होतं. सरळ रस्त्यावर वेग वाढतो, पण वळणानंतर गाडी पटकन उचलत नाही आणि मोटर जास्त तापते. म्हणून वळणावळणाच्या ट्रॅकवर 20 चा पिनियनही बाजी मारू शकतो.

एका वेळी एकच बदल करायचा, पाच फेऱ्यांची वेळ घ्यायची, सरासरी वहीत लिहायची. लिथियम पॉलिमर बॅटरी मात्र मोठ्यांसमोरच, योग्य चार्जरवर चार्ज करा. फुगलेली अजिबात वापरू नका.

यंदा गुणोत्तराचा धडा असा घेऊन बघा.