मातीचा किल्ला

जालना शहरात मस्तगड नावाचा जुना किल्ला आहे. आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने तो इ. स. १७२५ मध्ये बांधविला. असे दगडी किल्ले बांधण्यास राजाज्ञा लागे. मातीचे किल्ले मात्र महाराष्ट्रातील मुले दरवर्षी दिवाळीत आपल्या हौसेने उभारतात. कोणी माती भिजवितो, कोणी दगड रचतो, कोणी उतारावर आळीव पेरतो.

हा खेळ पाण्याविषयीही पुष्कळ काही शिकवितो. किल्ल्याच्या पायथ्याशी लहानसे तळे करावे आणि माथ्यावर झारीने पाणी शिंपडावे. पाणी उतारावरून धावत सुटते, माती वाहून नेते, आणि पाहता पाहता तळे गाळाने भरते.

मग किल्ला पुन्हा नीट करून उताराचे तीन भाग तीन मुलांनी वाटून घ्यावेत. माथ्यापासून आरंभ करून उताराला आडवे, सपाट पातळीचे चर खणावेत. ओघळींत खडे रचून लहान बांध घालावेत. आता शिंपडलेले पाणी चरांत थांबते व मातीत मुरते. उरलेले पाणी तेवढे सावकाश तळ्यात उतरते. परंतु वरच्या मुलाने आळस केला, तर तेथून सुटलेला लोंढा खालच्या दोघांचेही बांध फोडतो. कसूर एकाची आणि नुकसान सर्वांचे!

जालना तालुक्यातील कडवंची गावाने हेच काम खऱ्या उतारांवर केले. या भागात पाऊस बेताचाच. इ. स. १९९६ ते २००२ या काळात येथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम राबविण्यात आला. जालन्याच्या कृषी विज्ञान केंद्राने त्यास मार्गदर्शन केले. या कार्यक्रमात भाग घेणाऱ्या गावाने श्रमदान करावे, मोकाट चराई व वृक्षतोड थांबवावी, अशा अटी होत्या. एकाच्या शेतातील बांध शेजाऱ्याच्या शेतात पुढे जातो. म्हणून सर्वांचे एकमत व्हावे लागे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत जमिनीवर कामे झाली. पुढे शेतकऱ्यांनी शेततळी खोदली, आणि या कोरडवाहू मुलखात द्राक्षांचे मळे बहरले.

पाणी कोणाच्या शेताची हद्द ओळखत नाही. त्याला अडवावयाचे, तर माणसांनीही हद्दी विसरून एकत्र यावे लागते. अंगणातील किल्ल्यावर हे ज्याला उमगले, तो मोठेपणी गावाच्या शिवारातही ते विसरणार नाही.

स्वाध्याय
१. चर खणण्यास माथ्यापासून आरंभ का करावा?
२. कडवंचीतील शेतकऱ्यांचे एकमत का आवश्यक होते?