खलनायकाचं काम करणारा भला माणूस : निळू फुले आणि आपल्या वर्गातली मुलं



मागच्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी चौथीची नाटिका बसवत होतो. नाटिकेत एक सावकार होता. वर्गात एक मुलगा असा, की त्याची रोज एक तरी तक्रार येणारच. मी सहज बोलून गेलो, "सावकार तूच हो. तुला वेगळं काही करावंच लागणार नाही." वर्ग हसला, तोही हसला. मला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील कुंभार पिंपळगावचा बाजार करून पिशवीसकट शाळेत आले. म्हणाले, "सर, पोराला असला पार्ट देऊ नका. गाव आधीच त्याला वांड म्हनतंय. आता सावकार म्हनतील."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. चूक माझी होती. मी त्याला भूमिका दिलीच नव्हती, शिक्का दिला होता. त्या संध्याकाळी मला निळू फुले आठवले.

आपल्या आई-वडिलांच्या पिढीला निळू फुले म्हटलं की टोपीतला बेरकी पाटील किंवा सरपंच दिसतो. आजही गावात कुणी ओठ वाकडा करून सावकाश बोललं, की लोक लगेच ओळखतात. गावाकडच्या बायाबापड्या त्यांना पडद्याबाहेरही टरकून असत, अशा आठवणी सांगितल्या जातात. एवढं खरं वाटायचं ते काम! पण माणूस कसा होता?

पुण्यातल्या साध्या घरातला हा मुलगा. तरुणपणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केलं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते घडले. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यामुळे लोक त्यांना ओळखू लागले. १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी' हा त्यांचा पहिला चित्रपट आला. तिथून चाळीस वर्षं ते काम करत राहिले.

आता त्यांच्या भूमिका शेजारी शेजारी ठेवून बघा.

'सामना'मध्ये ते साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आहेत. समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारूत बुडालेला मास्तर. हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. आपला भाग उसाचा, त्यामुळे हिंदुराव आपल्याला जास्त समजावून सांगावा लागत नाही. पण १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये तेच निळूभाऊ दिगू टिपणीस नावाचे पत्रकार होतात आणि सत्तेचा खेळ बघून आतून मोडत जातात. रंगमंचावर त्यांनी तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर उभा केला. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त'मध्ये मात्र ते स्वतःच्या मुख्यमंत्री मुलासमोर ठाम उभा राहणारा वृद्ध गांधीवादी झाले. हिंदीत 'कुली' केला. 'सारांश'मध्ये एका निवृत्त शिक्षकाच्या घराला छळणारा पुढारी केला. शेवटच्या काळात शेतकरी आत्महत्यांवरच्या 'गोष्ट छोटी डोंगराएवढी'मध्येही ते दिसले. १३ जुलै २००९ रोजी ते गेले.

पडद्यावर गरिबाला नाडणारा हा माणूस प्रत्यक्षात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत होता. कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, तेव्हा डॉ. लागूंसोबत त्यांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. १९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मला वाटतं, वाईट माणूस एवढा खरा दाखवता आला, कारण त्यांनी तो नीट पाहिला होता. त्यांचा खलनायक फारसा ओरडत नाही. तो हळू बोलतो, गालात हसतो, मध्येच थांबतो, आणि समोरच्याला घाम फुटतो. वांड पोराला अभिनय आयता येतो हा माझा समजच चुकीचा होता. सावकार दाखवायलाही अभ्यास लागतो.

मग मी वर्गात हे केलं. तुम्हीही करून बघा.

१. पहिले चार दिवस भूमिका वाटायच्या नाहीत. प्रत्येक मुलाने प्रत्येक पात्र एकदा करायचं.

२. एकच वाक्य, "पैसे कधी देणार?", तीन प्रकारे म्हणायचं : ओरडून, हळू आवाजात, हसत. कुठल्या वेळी जास्त भीती वाटली ते मुलांनीच सांगायचं.

३. "तो सावकार आहे" असं म्हणायचं नाही. "त्याने सावकाराचं काम केलं" असं म्हणायचं. आपल्या मराठीत अभिनयाला 'काम'च म्हणतात. मुलांना हा फरक लगेच कळतो.

४. नाटिका संपल्यावर सगळ्यांनी पुढे येऊन आपलं नाव आणि केलेलं काम सांगायचं.

(मोठ्या मुलांना 'सामना'मधले निवडक प्रसंग दाखवता येतील. 'सखाराम बाइंडर' हे मोठ्यांसाठीचं नाटक आहे, ते वर्गात नको.)

चार दिवसांत गंमत झाली. वर्गातली सगळ्यात शांत मुलगी सावकाराचं काम असं करू लागली, की पोरं चिडीचूप. आणि आमचा 'वांड' मुलगा म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कामात कंबर वाकवून असा चालला, की मला त्याच्या आजोबांची आठवण झाली. नंतर कळलं, तो रोज संध्याकाळी आजोबांना हात धरून पारापर्यंत नेतो. वर्षभर मला हे माहीतच नव्हतं.

वडिलांना मी सांगितलं, "चूक माझी होती. तो सावकार नाही, आजोबांचं काम करतोय. त्यानेच निवडलंय." ते काही बोलले नाहीत. संमेलनाला मात्र आजोबांना घेऊन पुढच्या रांगेत बसले होते.

तक्रारी अजून येतात, मारामाऱ्या पूर्ण थांबल्या नाहीत. पण आता "तू असाच आहेस" हे वाक्य माझ्या तोंडी आलं की मी ते गिळतो. पालकहो, घरी तुम्हीही एवढं करून बघा. पोरगं आज जे करतंय, ते त्याचं आजचं काम आहे. उद्या त्याला दुसरं काम देऊन बघायला काय हरकत आहे?

तुमच्या वर्गातले अनुभव जरूर कळवा.