टोपलीतले बाळ

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावर ऐरोली हे गाव आहे. पूर्वी येथे कोळी व आगरी लोकांची वस्ती आणि भाताची खाचरे होती. 1970 नंतर नवी मुंबई उभी राहू लागली आणि गावाभोवती शहर पसरले. खाडीतील तिवरांचे रान मात्र अजून टिकून आहे. हिवाळा आला, की तेथील चिखलावर रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात.

सेवानिवृत्त झाल्यावर मी ऐरोलीतील एका ख्रिस्ती प्राथमिक शाळेत मुलांना गोष्टी सांगावयास जात असे. वर्गात सर्व धर्मांची मुले होती. एका डिसेंबरात मी येशूच्या जन्माची कथा सांगितली. बेथलेहेम गावी उतारशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून मरियेने आपले बाळ गव्हाणीत निजविले. पुढे पूर्वेकडून ज्ञानी पुरुष भेटी घेऊन त्याच्या दर्शनास आले. पुढचा तास चित्रकलेचा होता. बाईंनी याच कथेचे चित्र काढावयास सांगितले. मी मागच्या बाकावर बसून राहिलो.

थोड्या वेळाने सहज वर्गातून फेरी मारली, तो काय! जवळजवळ प्रत्येक कागदावर बर्फ पडत होते. टोकदार झाडे, पांढरी छपरे, सोनेरी केसांचे बाळ. ऐरोलीच्या या मुलांनी जन्मात हिमवर्षाव पाहिला नव्हता. नाताळच्या भेटपत्रांवरचे चित्र त्यांनी जसेच्या तसे उचलले होते.

एका कोळ्याच्या मुलीचा कागद तेवढा निराळा होता. तिची मरिया लुगडे नेसली होती. बाळ मासळीच्या टोपलीत निजले होते, मागे तिवरे होती आणि पुढे तीन रोहित पक्षी मान वाकवून उभे होते.

मी म्हणालो, "अगं, गोष्ट नीट ऐकली नाहीस का? गव्हाण कुठे आहे? आणि ते ज्ञानी पुरुष?"

मुले हसली. तिने कागद पालथा घातला.

"सर, आमच्याकडे गुरं नाहीत," ती हळूच म्हणाली. "टोपली आहे. आणि रोहितसुद्धा लांबून येतात ना? कच्छातून."

बाईंनी हे ऐकले. मला त्या काही बोलल्या नाहीत. कपाटातून एक जाड पुस्तक काढून त्यांनी मुलांना जवळ बोलाविले. "हे चित्र ब्रूगेल नावाच्या चित्रकाराने 1566 मध्ये काढलं. गाव बेथलेहेमच आहे. मग इतकं बर्फ कसं?" कोणालाच सांगता येईना. तेव्हा त्या म्हणाल्या, "तो युरोपात थंड मुलखात राहत होता. त्याने आपल्या डोळ्यांसमोरचं गाव काढलं."

मग त्यांनी आँजेलो द फोन्सेका यांची हकीकत सांगितली. फोन्सेका गोव्याचे. वैद्यकीचे शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले व शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले. गोव्यास परतल्यावर त्यांनी मरियेला साडी नेसविली. तेव्हा तेथे पोर्तुगिजांचे राज्य होते. देवाची आई अशी दिसते काय, म्हणून पुष्कळांना राग आला. फोन्सेका गोवा सोडून पुण्यास ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आले आणि 1967 मध्ये निधन होईपर्यंत तशीच चित्रे काढीत राहिले. त्यांतील पुष्कळ चित्रे आज गोव्यातच, पर्वरी येथील झेवियर संशोधन केंद्रात, जतन करून ठेवली आहेत.

मी ओशाळलो. 'उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा,' असे जन्मभर मुलांना बजावणारा मीच, एका मुलीला भेटपत्राची नक्कल करावयास सांगत होतो! तिच्या बाकाशी जाऊन म्हणालो, "बाळ, माझं चुकलं. कागद सुलटा कर पाहू."

तिने कागद उलटला. पण चित्र पुरे होईना. रंगाच्या डबीत गुलाबी रंग नव्हता. तिने तांबड्यात पांढरा मिसळला, जरा दूर धरून पाहिला आणि नाक मुरडले.

"असा नसतो," ती म्हणाली. "रोहित खाडीतलं शेवाळ खातात, म्हणून गुलाबी होतात. थोडा पिवळा पण लागेल. सर, तुमच्याजवळची डबी द्या ना."

मी शेजारच्या बाकावरची डबी उचलून तिच्यापुढे धरली.