डब्बा कोणाचाही चालेल, खातं तुमचं पाहिजे



पातूरच्या बाजारात आता भाजीच्या दुकानापासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळीकडं स्कॅनर चिकटलेला दिसतो. गिऱ्हाईक पापड हातात घेतं आणि विचारतं, "फोनपे आहे का?" नाही म्हटलं की पापड परत ठेवून पुढच्या दुकानात जातं. त्यामुळं आपल्या बऱ्याच गटांनी मागच्या वर्षभरात स्कॅनर घेतले. आता कंपन्यांची मुलं गावात येऊन बोलणारा डब्बा फुकट देतो म्हणतात. कोणाचा घ्यावा, घ्यावा की नाही, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बैठकीत निघतो, म्हणून या अंकाचा पाठ त्यावरच.

आधी तीन वस्तू वेगळ्या समजून घेऊ. पहिली म्हणजे स्कॅनर, म्हणजे क्यूआरचा कागद. दुसरी बोलणारा डब्बा, म्हणजे साउंडबॉक्स. पैसे आले की तो "पन्नास रुपये प्राप्त झाले" असं मोठ्यानं सांगतो. तिसरी कार्ड मशीन, ज्यात एटीएम कार्ड घालतात किंवा टेकवतात. तिघींचा खर्च वेगळा आणि गरजही वेगळी. एजंट मात्र तिन्ही एकाच दमात सांगतो, आणि आपण एकाच दमात हो म्हणतो.

पैसे कोणाच्या खात्यात पडतात?

डब्ब्याचा रंग, कंपनीचं नाव, जाहिरातीत कोण हिरो आहे, हे सगळं नंतर. सगळ्यात आधी हा प्रश्न विचारा. मी गावोगावी बैठकांना जाते तेव्हा बरेचदा असं दिसतं की टोपली ताईची, शेवया ताईच्या, उन्हात बसणार ताई, आणि स्कॅनर मात्र घरच्या दादांच्या किंवा मुलाच्या नंबरवर. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मले कुठं समजते त्यातलं, पोरानं लावून देल्लं." पोरगा काही वाईट नाही. पण दिवसभराची विक्री त्याच्या मोबाईलवर दिसते, त्याच्या खात्यात जमते आणि रिचार्ज, पेट्रोल, उधारी यात मिसळून जाते. महिन्याच्या शेवटी गटाचा हप्ता भरायची वेळ आली की ताईला आपल्याच कमाईतले पैसे मागावे लागतात. रोखीच्या काळात निदान पैसे पदराच्या गाठीत तरी असायचे!

म्हणून पहिला नियम ठरवून टाका. जी विकते तिचंच खातं, तिचाच मोबाईल नंबर, तिचाच पिन. साधा बटणाचा मोबाईल असला तरी बिघडत नाही. खात्याला तुमचा नंबर जोडलेला असेल आणि बँकेची संदेश सेवा चालू असेल, तर पैसे जमा झाल्याचा संदेश त्यावरही येतो. तो वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या, पण नंबर तुमचाच ठेवा.

लाडकी बहीणचे किंवा पेन्शनचे पैसे ज्या खात्यात येतात त्याच खात्याला दुकानाचा स्कॅनर लावू नका, असं माझं मत आहे. सगळं एकत्र झालं की या महिन्यात विक्री किती झाली हे कळायला मार्ग राहत नाही. धंद्यासाठी दुसरं साधं बचत खातं उघडा.

गटाचा एकत्र धंदा असेल, म्हणजे मसाला कांडप, दालमिल, कँटीन, तर आणखी जपा. सोपं पडतं म्हणून अध्यक्ष किंवा सचिव ताईंच्या स्वतःच्या खात्याचा स्कॅनर लावला जातो. पुढं त्या ताईंच्या घरी आजारपण निघालं, खात्यातून पैसे निघाले, की भांडण सुरू. वर्षानुवर्षं चाललेले गट अशा कारणानं मोडतात. गटाचं जे सह्यांचं खातं आहे त्यालाच फक्त जमा करण्यापुरता क्यूआर मिळेल का, हे आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन विचारा, सोबत गटाचा ठराव न्या. पैसे जमा व्हायला कोणाची सही लागत नाही. सही लागते ती काढायला, आणि तसंच असायला पाहिजे.

२०२४ मध्ये काय झालं होतं

पेटीएमचा निळा स्कॅनर सगळ्यांच्या ओळखीचा. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, आणि १५ मार्च २०२४ नंतर त्या बँकेच्या खात्यात नवीन पैसे जमा करून घ्यायला बंदी आली. गावोगावी एकच घाबराट सुटली, की आता स्कॅनर बंद, डब्बा बंद. प्रत्यक्षात ज्यांचे पैसे स्टेट बँक किंवा दुसऱ्या कोणत्या बँकेच्या खात्यात जात होते, त्यांचा तोच स्कॅनर आणि तोच डब्बा पुढंही चालू राहिला. अडचण आली ती ज्यांचे पैसे पेमेंट्स बँकेच्याच खात्यात पडत होते त्यांना. त्यांना दुसरं खातं जोडून घ्यावं लागलं.

यावरून कळतं की कंपनीचा कागद आणि आपलं खातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूपीआय ही सगळ्यांची सामाईक सडक आहे. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं २०१६ मध्ये बांधली. फोनपेवाला गुगलपेच्या स्कॅनरवर पैसे देऊ शकतो, भीमवाला पेटीएमच्या. म्हणून गिऱ्हाइकासाठी चार कंपन्यांचे चार कागद लावायची गरजच नाही.

आपल्या भागात आणखी एक बदल झाला आहे. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. अशा वेळी शाखेचा आयएफएससी कोड बदलू शकतो. ज्यांच्या स्कॅनरला ग्रामीण बँकेचं खातं जोडलं आहे त्यांनी पासबुक घेऊन शाखेत जावं, आणि पैसे बरोबर जमा होताहेत ना हे पाहून घ्यावं.

फुकट म्हणजे किती?

यूपीआयनं आणि रुपे डेबिट कार्डानं आलेल्या पैशांवर दुकानदाराकडून टक्का कापायचा नाही, असा नियम १ जानेवारी २०२० पासून आहे. युरोपातल्या छोट्या दुकानदाराला जवळजवळ प्रत्येक कार्डामागं काही तरी टक्का मोजावा लागतो. त्या मानानं आपण बरे. मग कंपनी कमावते कशातून? मुख्य म्हणजे डब्ब्याच्या भाड्यातून आणि कर्जातून. लहान व्यवहारांसाठी सरकार बँकांना थोडा प्रोत्साहन निधी देतं, तो वेगळा.

भाड्याचा हिशोब करून पाहा. समजा डब्ब्याचं भाडं महिन्याला १२५ रुपये आहे. वर्षाचे झाले १,५००, म्हणजे लाडकी बहीणचा एक अख्खा हप्ता. आता समजा तुमची रोजची विक्री ६०० रुपये, त्यातली २५० रुपयांची मोबाईलवरून, आणि शंभर रुपयांमागं नफा २०. म्हणजे मोबाईलच्या विक्रीतून रोजचे ५० रुपये सुटतात. महिन्यातले अडीच दिवस तुम्ही फक्त डब्ब्यासाठी राबता. रोज दुकान उघडं असेल, गर्दी असेल, हात पिठात असताना मोबाईल पाहता येत नसेल, तर हे भाडं परवडतं. डब्ब्यामुळं खोटा स्क्रीनशॉट दाखवून कोणी फसवत नाही, हा फायदा मोठाच आहे. पण आठवड्यातून एकदा बाजारात बसणाऱ्या, किंवा नवरात्रात रेणुकामातेच्या टेकडीखाली नऊ दिवस दुकान लावणाऱ्या ताईला बारा महिन्यांचं भाडं कशाला? तिला बँकेचा साधा कागदी स्कॅनर आणि मोबाईलवरचा संदेश पुरतो. बोलणारा डब्बा नसला म्हणून धंदा अडत नाही.

"पहिले तीन महिने फुकट" असं एजंट सांगेल. त्याला विचारा, चौथ्या महिन्यापासून किती? विक्री झाली नाही तरी कापणार का? डब्बा परत करायचा असेल तर कोणाकडं द्यायचा, अनामत परत मिळते का? भाडं बहुतेक वेळा ऑटोपेनं आपोआप कापलं जातं. नोंदणी करताना एजंट आपला मोबाईल स्वतःच्या हातात घेतो आणि "पिन टाका ताई" म्हणतो, तेव्हा कधीकधी हीच मंजुरी दिली जाते. पिन टाकण्याआधी पडद्यावर काय लिहिलं आहे ते त्याला मोठ्यानं वाचायला लावा. आधीच दिलेली मंजुरी तुमच्या ॲपमध्ये ऑटोपे या ठिकाणी दिसते, तिथूनच ती बंदही करता येते.

कर्जाबद्दल जरा स्पष्टच लिहिते. डब्बा चालू झाला, रोज पैसे यायला लागले, की मोबाईलवर निरोप येतो, "तुम्हाला ५०,००० चं कर्ज मंजूर." त्याचा हप्ता रोजच्या विक्रीतून कापला जातो, त्यामुळं जाणवत नाही. संध्याकाळी खात्यात कमी पैसे दिसतात एवढंच. अशा वेळी व्याजाचा वार्षिक दर, प्रक्रिया शुल्क आणि एकूण किती परत करायचे, हे तीन आकडे लिहून घ्या आणि गटाच्या किंवा बँकेच्या कर्जाशेजारी ठेवून पाहा. गटाचं कर्ज मिळत असताना हे कर्ज घेण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

कार्ड मशीन कोणाला हवी?

पातूर, आलेगाव, चान्नीच्या बाजारात कार्ड काढणारं गिऱ्हाईक विरळाच. पण मुंबईला महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात गेलं की शहरातल्या बाया एकदम दीड-दोन हजारांची खरेदी करतात, आणि काहींच्या हातात क्रेडिट कार्ड असतं. तिथं मशीन कामाची. खर्च मात्र माहीत पाहिजे. क्रेडिट कार्डावर साधारण दोन टक्क्यांच्या आसपास कापलं जातं, आणि एक व्यवहार २,००० रुपयांच्या वर असेल तर त्या कापलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १,००० रुपयांच्या मसाल्यामागं २० रुपये. रुपे सोडून बाकी डेबिट कार्डांना रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. वर्षाला २० लाखांपर्यंत विक्री असलेल्या दुकानदाराकडून मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, म्हणजे हजाराला चार रुपये. एजंट "सगळ्या कार्डाला दोन टक्के" म्हणाला तर त्याला हा आकडा सांगा.

आठ दिवसांच्या प्रदर्शनासाठी प्रत्येक गटानं वेगळी मशीन घेणं परवडणार नाही. महासंघाच्या खात्यावर एकच घ्यावी, प्रत्येक पावतीच्या मागं त्याच वेळी गटाचं नाव लिहावं, आणि रोज रात्री वहीत उतरवून ताळा घ्यावा. चार दिवसांनी आठवून हिशोब करायला बसलो तर मैत्रिणी वैरिणी होतात.

घेण्याआधी जागेवर चालवून पाहा

डब्ब्यात स्वतःचं सिमकार्ड असतं. ते कोणत्या कंपनीचं आहे आणि त्या कंपनीची रेंज तुमच्या दुकानात, तुमच्या घाटाखालच्या गावात येते का, हे दुकानातच पाहायचं. पातूरच्या चौकात बोलणारा डब्बा डोंगराकडच्या गावात मुका होतो. एजंटसमोर दहा रुपये पाठवून आवाज येतो का, मराठीत बोलतो का, चार्जिंग किती तास टिकतं, आणि ते दहा रुपये खात्यात त्याच दिवशी दिसतात की दुसऱ्या दिवशी, एवढं पाहिल्याशिवाय सही करू नका. ज्यांना संध्याकाळच्या विक्रीतूनच उद्याचा माल भरायचा असतो त्यांना एक दिवसाचा उशीरही जड जातो.

फसवणुकीबद्दल आपण आधीही बोललो आहे, तरी थोडक्यात. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. कोणी मागितला तर तो चोर. सकाळी दुकान उघडल्यावर आपल्या स्कॅनरवर दुसरा कागद चिकटवला नाही ना, ते नख लावून पाहा. फसवणूक झालीच तर रडत बसण्याआधी १९३० ला फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे थांबण्याची आशा जास्त. डब्ब्याच्या कंपनीनं किंवा बँकेनं पैसे अडवले, भाडं जास्त कापलं, तर आधी त्यांच्याकडं तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

एक भीती सगळीकडं ऐकू येते, "खात्यात पैसे दिसले की सरकार टॅक्स लावते." जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदी पाहून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, तिथल्या काहींनी स्कॅनरच काढून टाकले. तेव्हापासून ही भीती वाढली. पण आपल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी साधारण वर्षाला ४० लाखांच्या विक्रीनंतर लागते, सेवा देणाऱ्याला २० लाखांनंतर. ४० लाख म्हणजे रोजची जवळपास ११,००० ची विक्री, रोख धरून. तिथवर आपल्यातल्या फार थोड्या पोचल्या आहेत. उलट खात्यातली नोंद बँकेचं कर्ज मागताना कामी येते. फक्त विक्री म्हणजे नफा नव्हे, म्हणून कच्च्या मालाच्या पावत्या एका पिशवीत जमवत चला.

पुढच्या बैठकीत हे करा

ज्यांच्याकडं स्कॅनर आहे त्यांनी तो बैठकीला आणावा. शेजारच्या ताईनं त्यावर एक रुपया पाठवावा. पडद्यावर नाव कोणाचं येतं ते सगळ्यांनी मोठ्यानं वाचावं, आणि संदेश कोणाच्या मोबाईलवर वाजला ते पाहावं. नाव आणि मोबाईल दुसऱ्याचा निघाला त्या ताईंची यादी सचिवांनी वहीत लिहून ठेवावी. बँक सखी त्यांच्यासोबत शाखेत येतील. येताना आधार, पॅन, पासबुक आणि स्वतःचा चालू मोबाईल आणायचा. गटाचा धंदा असेल तर ठरावाची प्रतही.