पाचगावच्या वाटेवर उमगलेलं

ब्रह्मपुरीहून नागपूरला निघालं की नागभीड, भिवापूर, उमरेड मागे पडतं आणि पाचगाव लागतं. जानेवारी १७७५ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या गादीचा वाद इथे रणात मिटला. मुधोजी आणि साबाजी या सावत्र भावांची ही लढाई. तिचा विचार करता करता जे हाती लागलं, ते असं.

१. गादीची भांडणं लढाईच्या कितीतरी आधी सुरू झालेली असतात. १७५५ मध्ये या भावांचे वडील, पहिले रघुजी, गेले तेव्हाच थोरला मुलगा जानोजी आणि मुधोजी यांच्यात वारशावरून जुंपली होती. जानोजी सेनासाहेबसुभा, म्हणजे गादीचे धनी, झाले; मुधोजींना सेनाधुरंधर हा किताब आणि आमचा चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूरचा भाग, मिळाला. वाटणी झाली, सल मात्र राहिला.

२. दोन्ही बाजूंना खरं काहीतरी असतं, हे पचायला वेळ लागतो. जानोजींना मूलबाळ नव्हतं. त्यांनी मुधोजींचा मुलगा रघुजी वारस म्हणून निवडला. १७७२ मध्ये ते वारले आणि त्यांचे सख्खे भाऊ साबाजी हक्क सांगत पुढे आले. जानोजींची पत्नी दर्याबाई साबाजींच्या पाठीशी उभ्या राहिल्या. भाऊबीजेपासून आमच्या झाडीपट्टीत रात्ररात्र नाटकं रंगतात. तिथला खलनायक पहिल्या प्रवेशातच ओळखू येतो. या घरात मला तो अजून सापडलेला नाही.

३. निर्णायक क्षण फार छोटा असतो. पाचगावात साबाजींची सरशी होत होती. मुधोजींना घेरून, हत्ती जवळ आणून त्यांनी शरण येण्यास सांगितलं. त्या जवळिकीतच मुधोजींची गोळी सुटली आणि साबाजी पडले. जिंकत आलेला भाऊ गेला, डाव फिरला. इतिहासाची अटळ चाल वगैरे शब्द तेव्हापासून माझ्या तोंडी सहज येत नाहीत.

४. रणात मिळालेली गादी रणाबाहेर सांभाळावी लागते. पुण्यात तेव्हा राघोबादादा आणि पेशवाईचे कारभारी यांच्यात फूट होती आणि नागपूरचे भाऊही त्या फुटीत ओढले गेले होते. साबाजी गेल्यावरही पुण्याशी जुळवून घेणं सुटलं नाही. रघुजी लहान, म्हणून १७८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत कारभार मुधोजींनीच वाहिला. एका गोळीने जे मिळालं, ते तेरा वर्षं पेलावं लागलं.

५. तोच प्रश्न पिढ्यांनंतर पुन्हा दार ठोठावतो. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. घराण्याने पुढे केलेला दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने मानला नाही आणि नागपूरचं राज्य ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केलं. पाचगावात वारसासाठी बापाने शस्त्र उचललं होतं. या वेळी रणांगणच नव्हतं, निकाल कागदावर आला.

६. कोणाची गादी पक्की झाली, याबरोबर कोणाची गेली हेही विचारावं. चांद्याचं गोंड राज्य पहिल्या रघुजींनी १७५१ मध्ये घेतलं. शेवटचे गोंड राजे नीलकंठशहा यांच्याबरोबर ती परंपरा संपली. म्हणजे पाचगावात भावांनी ज्या वारशासाठी रक्त सांडलं, त्यातला आमचा भाग त्यांच्या घरात येऊन पाव शतकही झालं नव्हतं. आमच्या मुलांना पाचगाव सांगताना सुरुवात नीलकंठशहांपासून करावी, असं मला मनापासून वाटतं.