आयसी उपटण्याआधी

पडद्यावर ‘वर्क रॅम एरर’ आली म्हणजे रॅमच गेली, असं नव्हे. निओ जिओचे बोर्ड दुरुस्त करायला शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो. ‘एसएनके’ या जपानी कंपनीने १९९० साली आणलेली ही सिस्टिम. ‘मेटल स्लग’, ‘किंग ऑफ फायटर्स’ हे आपल्याकडच्या पार्लरमध्ये गाजलेले गेम मुळात हिच्यासाठीच बनले. असे बोर्ड आता नव्याने बनत नाहीत. चुकीच्या हातांनी एक मेला की जगातला एक कमी होतो, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझ्याकडे असाच एक आला होता. आधीच्या मेकॅनिकने एरर वाचून रॅमचे दोन्ही आयसी काढले, नवे बसवले. एरर जशीच्या तशी. उपटताना काही पॅड सुटून आले होते, भोकांच्या आतलं तांबंही निघालं होतं. मी मीटरचा काळा प्रोब ग्राउंडवर आणि लाल प्रोब रॅमच्या सप्लायच्या पायावर टेकवला. ४.६ व्होल्ट. सप्लायच्या टर्मिनलवर मात्र पाच पूर्ण. मधले व्होल्ट जाम्मा कनेक्टरच्या काळ्या पडलेल्या पट्ट्या खात होत्या. पट्ट्या साफ केल्या, पाचची बारीक वायर बदलून जाड टाकली, तेव्हा रॅमपाशी पाच आले. एवढ्यावर भागलं असतं. पण तुटलेले ट्रॅक एकेक करून तारेने जोडत बसावं लागलं.

म्हणून पहिलं माप सप्लायवर नाही, बोर्डवरच्या आयसीपाशी घ्या, आणि तेही बोर्ड चालू असताना. माप ४.७५च्या खाली गेलं तर पडद्यावरच्या कोणत्याही एररवर विश्वास ठेवू नका. सप्लायचा प्रीसेट फिरवून पाच गाठण्याचा मोह होतो, तोही टाळा. उद्या कोणी कनेक्टर साफ केला की तेच वाढवलेले व्होल्ट थेट बोर्डवर जातील.

मग बॅटरी. निओ जिओच्या बहुतेक बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते आणि जुनी झाली की ती हमखास गळते. तिच्याभोवती हिरवट बुरशीसारखा थर दिसला, शेजारचे ट्रॅक काळे पडले, सोल्डर धरत नसेल, तर ‘बॅकअप रॅम एरर’चं मूळ बहुधा तिथेच. गळलेलं अल्कली असतं. ते पातळ व्हिनेगरने मारायचं, डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं, मग आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल). पूर्ण वाळल्यावरच करंट द्यायचा. बॅटरी अजून गळली नसली तरी आजच काढा; तिच्याशिवाय गेम चालतो, फक्त सेटिंग आणि स्कोअर राहत नाहीत. तिच्या जागी साधा कॉइन सेल मात्र तसाच बसवू नका. बोर्ड त्याला चार्ज करू पाहील आणि तो फुटू शकतो. मध्ये डायोड हवाच.

पण हा नियम सगळ्या बोर्डांना लावू नका. ‘कॅपकॉम’च्या सीपीएस-२मध्ये गेम उलगडण्याची किल्लीच बॅटरीवर जपलेली असते. ती बॅटरी काढली की गेम मेला. किल्ली पुन्हा लिहिण्याची सोय आता झाली आहे, पण तयारी हाताशी नसेल तर तिला हात लावू नये.

इतकं झालं की मग पडदा नीट वाचा. तो पत्ता दाखवतो, काय लिहिलं ते दाखवतो, काय वाचलं तेही. लिहिलं ५५५५, परत आलं ५५५७: पहिले दोन आकडे बरोबर, म्हणजे वरच्या बाइटचा आयसी ठीक आहे. खालच्या बाइटमध्ये एकच बिट अडकलंय. अशा वेळी मी आधी ती एक डेटा लाइन रॅमपासून प्रोसेसरपर्यंत मीटरच्या बीपवर तपासतो, शेजारच्या लाइनशी शॉर्ट आहे का तेही बघतो. शेवटचे दोन्ही आकडे दरवेळी भलतेच येत असतील आणि लाइनी शाबूत असतील, तर संशय त्या आयसीवर किंवा त्याच्या चिप सिलेक्टवर.

आयसी खरंच गेला असेल तर आख्खा उपटू नका. भोकांत पाय असलेल्या आयसीचे पाय कटरने अंगापासून तोडा, एकेक पाय गरम करून चिमट्याने अलगद काढा, भोकं साफ करा आणि नव्या आयसीआधी सॉकेट बसवा.